अकोल्याचा मिस्त्री

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगायची गरजच पडली नाही – ती तिथं उभी होती, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती गेल्यावर हे माहीत असलेलं आमच्या गावात, शेलूबाजारात, कुणी उरलं नाही. मीही गेलो असतो तर विषयच मिटला असता. पण मी अजून आहे. आणि बरेच दिवस वाटतं आहे, की कुठंतरी हे एकदा नीट, पहिल्यापासून सांगावं.

मशीनपासून सुरू करतो. तिच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं.

आमच्या घरी पेरणीच्या तिफणी बनायच्या. वडील लाकडाच्या करत. सत्तर साल उलटल्यावर लोक लोखंडी तिफण मागू लागले आणि मी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ते काम धरलं. कापणं, वाकवणं जमायचं. जीव जायचा तो भोकं पाडण्यात. जाड पट्टी असली की हातानं फिरवायचं ड्रिल छातीवर टेकवून सगळं अंग त्यावर रेलायचं आणि मूठ फिरवत बसायचं. संध्याकाळी अंघोळीला बसलो की छातीवर गोल वळ दिसायचा. एवढं करूनही भोक तिरपं. तिरप्या भोकात बोल्ट बसत नाही, आणि ठोकून बसवला तर ऐन पेरणीत ढिला होतो. मग शेतकरी दारात येऊन शिव्या देतो – आणि त्याचं चुकतं असं तरी कसं म्हणू?

अशाच एका दुपारी सुखदेव शेडच्या दाराशी येऊन थांबला. त्याला कुठलासा विळा धार लावून हवा होता. माझं काम चाललेलं तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "भाऊ, राग नका मानू, पन तुमी लोखंडाशी कुस्ती खेळून राह्यले."

सुखदेव नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातला. अकोल्याच्या एका गिरणीत त्यानं अकरा वर्षं फिटर म्हणून काढली होती. गिरणी बंद पडली तसा बायकोला घेऊन गावी परतला आणि लोकांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागला. अकरा वर्षांचा फिटर! पण गावात त्याला मिस्त्री म्हणणं कुणाच्या तोंडी येत नव्हतं. सुखदेव. नुसता सुखदेव.

त्यानंच मला सांगितलं की अकोल्यात एक जुना कारखाना सामान विकायला काढतो आहे, त्यात एक उभी ड्रिल मशीन आहे. आम्ही दोघं गेलो. मशीन एका कोपऱ्यात होती – माणसाएवढी उंच, हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, टेबलावर गंज, वरचा पट्टा कुजलेला. मला ती भंगार वाटली. सुखदेवनं काय केलं, तर खाली ड्रिल धरतो ना तो चक, तो मुठीत धरून हलवून पाहिला. डोळे मिटून. मग खांबावर वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, जसा माणूस बैल घेताना पाठीवरून फिरवतो. म्हणाला, "घ्या. खांब सरळ हाये. बाकी सारं आपल्या हातातलं हाये."

कापूस अकोल्याला टाकून रिकामा परतणारा ट्रक मिळाला. त्यात गवताच्या पेंढ्यांवर मशीन आडवी घालून आम्ही तिच्या दोन बाजूंना बसून आलो. खड्डा आला की सुखदेव तिला हातानं धरायचा.

बसवायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यानं जमीन खणून पाया भरला आणि त्यात बोल्ट उभे केले. पाया वाळेपर्यंत त्यानं सगळी मशीन उघडली, रॉकेलमध्ये धुतली, गंज काढला, तेल दिलं. मग आम्ही ती बोल्टांवर उतरवली. मला वाटलं, झालं. नट कसायला मी पाना उचलला तर त्यानं हात धरला. त्याचं काम तिथून सुरू झालं. एक तार वाकडी करून त्यानं चकमध्ये अडकवली, तिचं टोक टेबलाच्या अगदी जवळ आणलं, आणि खाली वर्तमानपत्राच्या कागदाचा तुकडा ठेवला. चक हातानं हळू फिरवायचा. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं – चारही जागी कागद सारखाच अडकला पाहिजे. नाही अडकला की टेबलाच्या एका कोपऱ्याखाली पत्र्याची बारीक चकती सारायची. पुन्हा तार, पुन्हा कागद. अख्खी दुपार तो एवढंच करत होता. मी कंटाळलो. तो नाही.

तिसऱ्या दिवशी पहिलं भोक पाडलं. लोखंडाचा किस दोन्ही बाजूंनी सारखा, लांब, गुंडाळत वर आला. मी बोल्ट टाकला. तो स्वतःच्या वजनानं आत उतरला. सुखदेव हसला. तसा तो फारसा हसत नसे.

तीनही दिवस तो आमच्या घरी जेवला. माझ्या शेजारी बसून, आमच्याच ताटात. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. घराच्या आत मी तसा होतो एवढंच. बाहेर कसा होतो, ते आता येतंच आहे.

शेवटच्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "भाऊ, उत्तमराव दालमिल टाकून राह्यले म्हनतात. तठी मशिनी बसवाचं काम निंगन. मंग चालू ठेवाले बी कोनी लागन. ते भेटलं तं मी अठीच राह्यतो. नाई तं साळा नागपूरले बोलावून राह्यला."

उत्तमराव म्हणजे आमच्याकडचे मोठे शेतकरी. चार गावांत शब्द चालायचा. माझ्या निम्म्या तिफणी त्यांच्या सांगण्यावरून खपायच्या.

मी म्हणालो, "सांगतो ना मी त्यायले. मशीनच दाखवतो. पाह्यलं की समजनच."

असं मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. त्या वर्षी मशीनची पहिली पूजा, म्हणून मी उत्तमरावांना बोलावलं. त्यांच्याबरोबर आठ-दहा जण आले. मशीनला झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं. बायको ताट घेऊन उभी होती. सुखदेवलाही मीच बोलावलं होतं. तो आला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, धुतलेले, कडक. दसऱ्यासाठी त्यांच्या वाड्याचा ट्रक त्याच दिवशी नागपूरला निघायचा होता, जाता जाता तो माझ्या शब्दाखातर आला होता. शेडच्या दाराशी उभा राहिला. पूजेत नाही, पण दाराशी.

मी एका पट्टीत भोक पाडून दाखवलं. उत्तमरावांनी बोल्ट टाकून पाहिला, दोनदा पाहिला. खूश झाले. म्हणाले, "वा! कोनं बसोली रे मशीन? मले मिलसाठी असाच मानूस पाह्यजे."

सांगायचं होतं ते एवढंच. एक नाव. तो माणूस माझ्यापासून पाच पावलांवर उभा होता. मला बोटही दाखवायला लागलं नसतं, नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "अकोल्याचा मिस्त्री आला होता."

का? हळदकुंकू लागलेल्या मशीनला कुणाचे हात लागले हे ऐकून त्या आठ-दहा जणांच्या कपाळाला आठी पडेल, माझ्या घरात तीन दिवस कोण जेवलं हे निघेल, उद्या माझ्या तिफणी कुणी घेणार नाही – हे सगळं माझ्या मनात त्या क्षणी आलं. आठी पडलीच असती का? माहीत नाही. मी थांबून बघितलंच नाही. आणि आणखी एक – अकोल्याहून मिस्त्री बोलावला म्हटलं की माझं वजन वाढत होतं. तेही होतं. ते लपवण्यात आता काय अर्थ आहे?

उत्तमरावांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"गणपत," मी म्हणालो. एका खोट्यामागून दुसरं किती पटकन सुचतं.

मग कुणीतरी दाराकडं बघितलं. कदाचित सुखदेवला तीन दिवस माझ्याकडं येताना त्यानं पाहिलं असेल. त्यानं विचारलं, "काहून रे सुखदेव, तू बी होता ना अठी?"

मी मशीनकडं बघत राहिलो. सुखदेवचा आवाज आला. शांत होता.

"होतो ना. सामान उचलाले होतो. चांगला मिस्त्री होता तो. हात चांगला होता त्याचा."

एवढं बोलून तो निघाला. ट्रक चुकेल म्हणाला. मी प्रसाद घ्यायला थांब म्हणालो – तेवढं म्हणायची मात्र हिंमत होती मला.

सगळे गेल्यावर बायकोनं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमी असं काहून केलं?" मी टेबलावरचा किस झाडू लागलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण पुढं कुणी मशीनचं कौतुक करू लागलं की ती उठून आत जायची.

उत्तमरावांनी अकोल्यात गणपत मिस्त्री शोधला. तो कुठून सापडणार? मग दुसराच कुणी आणला. सुखदेव दसऱ्याहून परतला, महिनाभर शेतात गेला, आणि एक दिवस बायको आणि दोन पेट्या घेऊन नागपूरला निघून गेला. जाताना आमच्याकडं आला नाही. येईल असं मला वाटत होतं. कशाला आला असता?

तीनेक वर्षांनी मशीन थरथरू लागली. भोकं मोठी पडायला लागली. मी पत्र्याच्या चकत्या घालून पाहिल्या, तार लावून पाहिली, जमलं नाही. तेव्हा मी नागपूरला गेलो. बायकोला म्हणालो, मशीनचं विचारतो. खरं सांगतो – जाताना मी ठरवलं होतं की आधी ते बोलायचं, मग मशीनचं. एसटीत पूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

पत्ता विचारत विचारत एका वस्तीत त्याचं घर सापडलं. तो एका वर्कशॉपात लागला होता. मला बघून जरा थांबला, मग खाट टाकली. त्याच्या बायकोनं चहा आणला. कामावरचे दोघं-तिघं मित्र बसले होते. मी मशीनची तक्रार सांगितली – होय, आधी तीच सांगितली. त्यानं विचारलं, "पट्टा बदलला का?" म्हणालो, बदलला. "मंग जास्त ताणला असन तुमी. अंगठ्यानं दाबला तं बोटभर दबला पाह्यजे. ताणला की वरचं बेरिंग खाते." बस. एवढंच होतं.

मग तो मित्रांकडं वळून म्हणाला, "शेलूबाजारले यायच्या घरी उभी ड्रिल हाये. ते म्या बसोली." आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मान हलवली. म्हणालो, "हो, यानंच बसोली. असा मिस्त्री आमच्याइकडे नाई."

तिथं मला कुणीच ओळखत नव्हतं. तिथं खरं बोलायला मला काहीच लागलं नाही.

जुळवलेलं वाक्य मी बोललो नाही. त्यानं मला बसपर्यंत सोडलं. माफी मागायला गेलो होतो, पट्टा किती ताणायचा ते विचारून आलो. पट्टा सैल केला, बेरिंग बदललं. मशीन सुधारली.

पुढच्या वर्षी उत्तमरावांची दालमिल सारखी बंद पडू लागली. ते शेडमध्ये आले आणि म्हणाले, "तुह्या मशीनले तं काईच झालं नाई. तो तुहा गणपत मिस्त्री कुठी राह्यते, पत्ता दे. मी सोता जातो त्याच्याकडे."

ही दुसरी वेळ होती. आठ-दहा जण नव्हते. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. नागपूरचा पत्ता माझ्या खिशातल्या डायरीत होता. नागपुरातून बोलावला असता तर सुखदेव आलाही असता – गावावर त्याचा जीव होता, ते मला माहीत होतं.

मी म्हणालो, "तो वारला."

उत्तमराव हळहळले. चांगला कारागीर गेला म्हणाले. त्याच्या घरी लेकरंबाळं किती होती, विचारलं. मी म्हणालो, "दोन." चहा मागवला, त्यांना दिला, मीही प्यालो.

सुखदेव त्यानंतर वीस वर्षं जगला. नागपुरातच. मी पुन्हा गेलो नाही.