गणपत वस्तादांचं इंग्रजी

गणपतराव वस्तादांनी इंग्रजी शिकायला घेतलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले होते, आणि कुस्तीत मोडलेले कान तर कधीचेच आकार सोडून बसले होते. या वयात माणूस जपमाळ धरतो. यांनी इंग्रजी पेपर धरला. दिवसभर गांधीबागेत कापडाच्या गाठी बांधायच्या आणि संध्याकाळी आखाड्यात पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या, अशा माणसाला 'ऑल्दो' आणि 'हाउएव्हर'शी काय घेणं, म्हणून सारा बाजार हसला. हसणाऱ्याचं काय जातं!

कारण होतं चंद्रभान, एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटायच्या आधीच खाप्याच्या दंगलीत मानाची कुस्ती मारलेला. सदुसष्ट साली तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्या दाखवणारी एक कंपनी नागपुरात आली आणि हा तिच्यामागे निघाला. वस्ताद संतापले. दोऱ्यांच्या चौकटीत उड्या मारणं म्हणजे कुस्ती नव्हे, तमाशा आहे; जायचं तर जा, पण परत तोंड दाखवू नको, असं भरल्या आखाड्यात बोलून गेले. पोरगं त्यांचंच. त्यानं खरंच तोंड दाखवलं नाही, पत्रही धाडलं नाही. राग चार दिवसांत उतरला. शब्द मात्र परत घेता येईना. वस्ताद जेवताना घास हातात धरून बसू लागले, आणि त्यांची बायको मनकर्णाबाई भरलं ताट उचलू लागली.

मग कुणीतरी सांगितलं, या कुस्त्यांच्या बातम्या इंग्रजी पेपरात दर मंगळवारी येतात, आणि चंद्रभान तिथे 'प्रिन्स चांद' झाला आहे. पोराची खबर मिळायची ती तेवढीच. गाठींवरचे मार्के वाचून वाचून वस्तादांना एबीसीडी येत होती. पुढचं शिकवायला शेजारच्या नीलाबाई तयार झाल्या; त्या शाळेत मास्तरीण होत्या.

नीलाबाईंनी आधी गायीवरचा धडा काढला. वस्ताद दोन ओळींतच कंटाळले.

"बाई, मले गायीचं काय करायचं? माह्या पोराचं शिकवा."

तेव्हापासून खेळाचं पान हेच त्यांचं क्रमिक पुस्तक झालं. 'ओपोनंट' म्हणजे समोरचा गडी, 'सबमिशन' म्हणजे हार कबूल करणं, हे पटकन बसलं. अडत होतं ते वाक्यं जोडणाऱ्या बारक्या शब्दांशी. नीलाबाई म्हणत, पकड तिथेच आहे. 'ऑल्दो' दिसलं की पुढे पलटी येणार. 'डिस्पाइट' आलं की केलेली मेहनत पाण्यात. 'मीनव्हाइल' वस्तादांना फार आवडे, कारण त्या वाक्यात सहसा कुणी मार खात नसे.

वर्षभरात ते अडखळत का होईना, वाचू लागले. आणि जे कळलं ते न कळतं तर बरं, असं झालं. ऑल्दो प्रिन्स चांदनं फार हिंमत दाखवली, स्वल्पविराम, आणि बुलडोझर बादशाहनं त्याला चीत केलं. मद्रासला तेच, हैदराबादला तेच, कलकत्त्यालाही तेच. घरी वस्ताद स्वल्पविरामापर्यंतच सांगत. मनकर्णाबाई तेवढ्यावर देवापुढे साखर ठेवत. वस्तादांना मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट पोखरत राहिली: आपल्या पोराला काहीतरी अडतंय, आणि सांगायला आपण तिथे नाही.

सत्तर साली कंपनी पुन्हा नागपुरात आली. वस्ताद कुणाला न सांगता तिकीट काढून बसले. बादशाह रिंगमध्ये आला, तर पोट सुटलेला, दोन फेऱ्यांत धापा टाकणारा गडी. त्यानं चंद्रभानच्या मानेवर हात टाकला, तोही सैल. त्या हाताला धरून पाठीवरून फेकायला कितीसा वेळ लागतो! पण चंद्रभान नुसता डुलत उभा.

वस्तादांच्या आखाड्यात एक शिस्त होती. त्यांनी डावाचं नाव घेतलं की पोरानं विचार करायचा नाही, अंग वळलंच पाहिजे. चंद्रभाननं ते दुधाच्या दातांपासून गिरवलेलं. आणि आता बापाला राहवलं नाही.

"चंद्या, धोबी!"

डोळ्याचं पातं लवायच्या आत बादशाह हवेतून फिरून पाठीवर पडला आणि चंद्रभान त्याच्या छातीवर होता. लोकांनी टोप्या उडवल्या. वस्तादांच्या डोळ्यांना धार लागली. चंद्रभाननं वर पाहिलं, बापाला ओळखलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

सकाळी वस्ताद कंपनीच्या मुक्कामावर गेले, तर मुलगा पेटी भरत होता. त्यानं खाली मान घालूनच सगळं सांगितलं. इथली प्रत्येक कुस्ती आधीच ठरलेली असते. पुढच्या गावी अजिंक्य बादशाहची पत्रकं लागली होती, काल पडताना त्याचा खांदा निखळला होता, आणि मालकानं चंद्रभानला काढून टाकलं होतं.

"हरणं हेच माह्यं काम होतं, बाबा. तुमचा आवाज आला अन् अंगानं आयकलं."

वस्ताद म्हणाले, घरी चल, आखाडा तुझाच आहे. चंद्रभाननं पेटीचं कुलूप लावलं.

"ठरवून हरणाऱ्याले मातीत पाय ठेवू देऊ नये, हे तुम्हीच सांगितलं ना? मी तीन वर्षं तेच करून राहिलो."

वस्ताद तडक मालकाच्या तंबूत शिरले. मालक दक्षिणेकडचा, त्याला मराठी येईना. वस्तादांनी हात जोडले आणि इंग्रजीत सांगितलं: डाव माझ्या मुलानं टाकला असला तरी चूक माझी आहे, तो इमानानं राबला आहे, म्हणून त्याला ठेवून घ्या. 'ऑल्दो' जागेवर पडलं, 'देअरफोर' जागेवर पडलं. मालकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हमाली करणारा माणूस इतकं चांगलं इंग्रजी कुठे शिकला, असं त्यानं कौतुकानं विचारलंही. मग वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर आणून सोडलं, आणि तंबू उतरवायला सांगितलं.

चंद्रभान कलकत्त्याच्या गाडीनं गेला. तिकडे दुसरी कंपनी आहे म्हणाला. वस्तादांना त्यानं स्टेशनावर येऊ दिलं नाही.

ते घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. चंद्रभाननं बादशाहला पाडलं, ही बातमी सगळ्या मोहल्ल्यात झाली होती. मनकर्णाबाईंनी पुरण शिजवलं होतं, तीन वर्षांनी चंद्रभानचा भिंतीवरचा मोठा पाट काढून पुसला होता. बायामाणसांना वाट करायला सांगत त्या दाराशी आल्या आणि नवऱ्याच्या पाठीमागे बघू लागल्या.

"त्याले म्हणा, आधी हातपाय धू. गरम गरम वाढते."