खुंटे ठोकणारा उस्ताद

सडक अर्जुनीच्या बस स्टँडामागं बुद्धभूषण शहारेचं मोबाईलचं दुकान होतं. दुरुस्ती नावापुरती, खरा धंदा मेमरी कार्डात गेम भरून देण्याचा. सगळे उचललेले. कोणी टोकलं, "हे चोरीचे होत ना गा?" की तो छातीवर हात ठेवे. "चोरी कायची? ज्याचे होते त्याच्यापाशी अजून हायेतच ना!"

पण त्याचं नाव झालं होतं ते खेळण्यानं. हातात मावणाऱ्या गेमच्या यंत्रावर तो कोणताही गेम एकदाही न मरता संपवे. लोक त्याला उस्ताद म्हणत. उस्तादी सारी अंगठ्यात होती. दोन बटनं दाबली की खेळ आहे तिथं जतन व्हायचा. पाय घसरला की पापणी लवायच्या आत पुन्हा तिथंच उभं. याला तो मनातल्या मनात खुंटा ठोकणं म्हणे. चार पावलं चालला, खुंटा. खड्डा दिसला, खुंटा.

२००९ ची दिवाळी झाली अन् केशोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. मंडईत पाहुणेही येतात, जाताजाता पोरगा-पोरगीही पाहून होते. भैयालाल बोरकर आपल्या लग्नाच्या पोरीला, अल्काला घेऊन येणार, हे कळल्यावर बुद्धभूषणनं तिथंच टेबल मांडलं अन् यंत्राला वायर जोडून खेळ टीव्हीवर लावला. होणाऱ्या सासऱ्याला उस्तादी दिसली की सोयरीक पक्की, असा त्याचा हिशेब.

"जयभीम, मामाजी. पाहा, एकदाबी मरत नाई."

भैयालाल पाहत राहिला. अल्का गावात टायपिंगचं काम करायची. तिची नजर बारीक अक्षरांवर.

"कोपऱ्यात घडीघडी का चमकून राहिलं जी?"

"ते... बॅटरी."

"बॅटरीवर सेव्ह लिवते का?"

गर्दी खदखदली. "ते न दाबता खेला ना," अल्का म्हणाली.

बुद्धभूषणनं न दाबता उडी मारली अन् पहिल्याच खड्ड्यात गेला. पुन्हा गेला. सातव्यांदा गेला तेव्हा मागून कोणी ओरडलं, "अगा उस्ताद, तिथंच घर बांधतं का?"

गेली सोयरीक, असं समजून त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं. "खोटं कायले बोलू, मामाजी. मी पावलोपावली खुंटा ठोकून खेलतो. एवढीच उस्तादी."

भैयालालनं पोरीकडं पाहिलं. "का म्हणतं, बाई?"

अल्कानं यंत्र उचललं, उडी मारली, खड्ड्यात गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा तर खड्डा यायच्या आधीच कशाला तरी धडकून मेली. इकडंतिकडं पाहून तिनं आवाज खाली आणला.

"कोणते दोन बटन म्हणलं जी?"

बुद्धभूषण लगबगीनं तिच्या अंगठ्याकडं हात नेऊ लागला.

"दाखव बापा," भैयालाल खुर्ची ओढत म्हणाला, "पण दुरून."