पुढच्या आखाजीचं आवतण

धामणगाव बढेच्या नव्या बसस्थानकामागे पुष्पाबाईंच्या पाच खोल्या आहेत. त्यांच्या यजमानांनी, निवृत्तीरावांनी त्या बांधल्या तेव्हा तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. म्हणून तर शिंपीकाम करणाऱ्या गोविंदासारखी माणसं तिथे आली आणि रुजली. आता बसस्थानक झालं आणि त्या ओसाड खोल्यांना एकाएकी रूप आलं. पुष्पाबाईंचा मुलगा राजकुमार बुलढाण्याला नोकरीला असतो. त्याने एका लॉजवाल्याला होकारही देऊन टाकला. लॉजवाला कसला, आयत्या बिळावर नागोबा!

भाडेकरूंना खोल्या सोडा म्हणून सांगायचं तेवढं राहिलं होतं. ते राजकुमारने आईवर ढकललं. पुष्पाबाई म्हणाल्या, आखाजी होऊ दे, मग सांगते. कडू बोलायचं म्हटलं की या बाईला आजवर कुठला ना कुठला सण आडवा आलेला आहे.

गोविंदाची मुलगी काजल या स्थानकावरच्या बसने रोज मोताळ्याला नर्सिंग शिकायला जाते. आधी ती फाट्यावर तासन्‌तास कुणाच्या तरी गाडीची वाट पाहायची. इथली खोली सुटली तर परवडणारी मिळणार गावाबाहेर, म्हणजे पुन्हा तोच फाटा. बस आली काजलसारख्यांसाठी, आणि बसशेजारी झोपणार लॉजमधले पाहुणे. याला न्याय म्हणायचं तर म्हणा बापडे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला की पितर जेवलं. निवृत्तीराव गेल्यापासून पुष्पाबाईंकडे हा मान गोविंदाचा.

त्या दुपारी ऊन पांढरंफटक पडलं होतं. निवृत्तीरावांच्या नावाने भरलेल्या घागरीवर आंबा ठेवला होता. स्थानकातल्या बसचे आवाज लांबून, पाण्याखालून यावेत तसे येत होते. गोविंदाने रसात पोळी बुडवली आणि अंगठा चाटला. निवृत्तीराव अस्सेच अंगठा चाटायचे. पुष्पाबाईंचा वाढता हात थांबला. बघता बघता पाटावरच्या माणसाचे केस पिकले, खांद्यावर तो जुना गमछा आला, आणि त्या पदराने वारा घालू लागल्या. 'वाढ अजून,' असंही त्यांना ऐकू आलं. त्यांना फार बरं वाटलं. तो माणूस त्यांना मनापासून आवडायचा, आणि हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

गोविंदा हात धुऊन उठला. सणाला घरी आलेला राजकुमार दारात उभा होता; आता सांग, म्हणून तो मुद्दाम खोकला. पुष्पाबाईंनी तोंड उघडलं, आणि दर साली पितराला निरोप देताना म्हणायच्या तेच बाहेर पडलं.

"पुढच्या आखाजीलेबी असेच या. घर तुमचंच हाये."

लॉजची कुणकुण गोविंदाच्या कानावर होतीच. तो उंबऱ्यात थबकला. "येतो बाई, नक्की येतो," म्हणाला आणि डोळे पुसत गेला.

"आई, हे काय केलं व?" राजकुमार म्हणाला. "सांगाचं काय होतं अन् बोलली काय!"

"तोंडातून गेलं."

"मंग आता जाऊन सांग त्याले. थे तं तू बाबाले म्हणलं, गोविंदाले नाही."

पुष्पाबाई घागरीकडे पाहत राहिल्या. "हाव, तुह्या बापालेच म्हणलं. पुढच्या साली थो येईन अन् गोविंदा नसन, तं जेवन कोनाच्या तोंडानं? लॉजवाल्याच्या?"

राजकुमार हसायला गेला, पण त्याला हसू येईना. "मंग भाडं तरी वाढव," तो पुटपुटला.

"बापाचं भाडं वाढवतं का बे कोनी?"

मग राजकुमारने अंगणात जाऊन लॉजवाल्याला फोन लावला. खोल्या मिळणार नाहीत म्हणून सांगून टाकलं. घरात पुष्पाबाई पाट उचलायला वाकल्या आणि त्यावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. पाट अजून उबदार होता.