गोरेपणाचा नंबर आणि राऊत बाई

राऊत बाई आज पहाटे गेल्या.

नववीत असताना माझ्या चेहऱ्याला नंबर देणाऱ्या माणसांना शाळेत घेतलं ते याच बाईंनी.
आणि आपलं चुकलं, हे वर्गासमोर उभं राहून सांगितलं तेही त्यांनीच.

म्हणून लिहितेय.

थळची आमची शाळा. बाई विज्ञान शिकवायच्या, नागावहून स्कूटीने यायच्या. आमच्या क्लासटीचर त्याच आणि मुलींच्या कबड्डी टीमचं बघायच्या त्याही त्याच.

एक दिवस "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट"चं वर्कशॉप आलं. फक्त नववीच्या मुलींसाठी.
बाईंनी हजेरी घेतली, आम्हाला हॉलमध्ये बसवलं आणि पेपर तपासायला स्टाफरूममध्ये गेल्या.

दोन ताया आल्या होत्या. छान बोलत होत्या. इंटरव्ह्यू, कॉन्फिडन्स, स्टेजवर उभं कसं राहायचं.
मग एकीने पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढली. दुधाळ रंगापासून गडद तपकिरीपर्यंत दहा रंग.
पट्टी प्रत्येकीच्या गालाला लावायची, नंबर बघायचा आणि तिच्या नावाच्या कार्डावर लिहायचा.

शेजारी बसलेली मनीषा, चार.
मी, नऊ.

"टेन्शन नको घेऊस," ताई हसून म्हणाली. "सहा आठवड्यांत सहावर येशील."
कार्डासोबत क्रीमची छोटी ट्यूब. फ्री.

त्याआधी मला कोणी काळी म्हटलंच नव्हतं, असं नाही. पण माझ्या नावापुढे कोणी लिहून दिलं नव्हतं.

मी कबड्डीच्या प्रॅक्टिसला जाणं बंद केलं. ग्राउंडवर ऊन असतं.
आईबरोबर मासळी सुकवायला जाणंही बंद.

"काय झालंय गो तुला?" आई म्हणाली. "बोंबील काय मी एकटीनंच घालू वाळत?"
मी म्हटलं, "मला तुझ्यासारखं काळं नाही व्हायचंय."

आई टोपली उचलून गेली.

दोन आठवड्यांनी, शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आमच्या घरी आल्या. मी टीम का सोडली ते विचारायला.
मी आतल्या खोलीत, दाराआड.

आईला वाचता येत नाही. तिने फळीवरचं ते कार्ड आणून बाईंच्या हातात दिलं.
"बाई, यात काय लिवलंय बघा. पोर रोज उठून हेच बघते."
"नऊ लिहिलंय."
"नऊ म्हंजे? पास हाय का नापास?"

बाईंनी कार्ड उलटलं; मागे तीच रंगांची पट्टी आणि क्रीमची जाहिरात छापली होती. त्यांना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"तिच्या रंगाला नंबर दिलाय," त्या म्हणाल्या. "क्रीम खपवायला. आणि त्यांना शाळेत मीच घेतलं. पत्र आलं, मी नीट चौकशी न करता हो म्हटलं."

आई म्हणाली, "रंग तर मीच दिलाय तिला."

बाईंनी चहा घेतला नाही. निघाल्या.

सोमवारी पहिल्या तासाला त्या बाकांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. मुलगेही होते वर्गात.
"दुकानात कोणी माल गळ्यात मारायला लागलं तर मोठा माणूस उठून जातो. या मुली कुठे जाणार होत्या? मीच हजेरी घेऊन त्यांना तिथे बसवलं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."

शिक्षकांनी आमची माफी मागायची आम्हाला सवय नव्हती.

त्यांनी सगळ्यांकडून कार्डं परत मागितली. मनीषाने दिलं नाही. तिला चार मिळाले होते ना!
बाईंनी जबरदस्ती केली नाही.

खरी अडचण पुढेच होती. त्या क्रीमच्या कंपनीने शाळेला पाण्याचा फिल्टर कबूल केला होता. दहावीच्या मुलींचं वर्कशॉप व्हायचं होतं, ते बाईंनी होऊ दिलं नाही. फिल्टर आला नाही.
हेडसर चिडले. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "एका क्रीमपायी पोरांचं पाणी घालवलंत तुम्ही."

बाई म्हणाल्या, "पाण्यासाठी मी ग्रामपंचायतीत खेटे घालीन. पण त्यासाठी मुलींना कोणापुढे बसवणार नाही."

आणि घातले खेटे. फिल्टर बसला तेव्हा आमची बॅच दहावी होऊन बाहेर पडली होती.

माझं सगळं लगेच ठीक झालं, असं नाही.
टीममध्ये परत गेले. आईबरोबर बोंबील वाळत घालायलाही गेले. पण कॉलेजात तेच क्रीम दोन वर्षं लावलं, चोरून. आईला सॉरी म्हणायला लग्न व्हावं लागलं.

आता मी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात डॉक्युमेंटेशनचं काम करते. मुलगी सहावीत आहे.
गेल्या महिन्यात तिने फेस सीरम मागितलं. मोबाईलवर तिच्याच वयाची एक मुलगी रोज लावून दाखवते म्हणे.

मी आधी ओरडले. मग बाईंना फोन केला. आवाज खोल गेला होता, पण ऐकून घेतलं सगळं.

"तिच्यावर चिडू नकोस," त्या म्हणाल्या. "विकणारी ती नाहीये. तिच्या शेजारी बसून बघ आणि विचार, त्या मुलीला हे बोलायला कोणी सांगितलं असेल."

बसले. विचारलं.
लेक म्हणाली, "माहितीये गं मम्मी, ॲड आहे ती. तरी मला पाहिजे."

मग मी तिला नववीतलं सगळं सांगितलं, आईला काय बोलले होते त्यासकट. तिने मोबाईल बाजूला ठेवून ऐकलं.
सीरम अजून आणलेलं नाही. विषय संपलेलाही नाही. दर दोन दिवसांनी निघतो.

हे बाईंना कळवायचं राहून गेलं.

अंत्यविधी आज दुपारी नागावला. आई येतेय, लेकही येते म्हणाली. आमच्या बॅचचं कोणी येणार असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, गाडीत दोन जागा आहेत.

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.