पेठची गाडी

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचो. गावोगाव जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी एक म्हातारी रोज तिथं यायची. पांढरं लुगडं, काखेत फडक्यात बांधलेलं बायबल, सुजलेले गुडघे. बाकावर टेकायची नाही. बसलं की उठवत नाही म्हणायची.

पाद्रीसाहेबांनी तिला पेठकडची डोंगरातली गावं दिल्याचं कळल्यावर मीच चिडलो. "या वयात? नाही म्हणा ना, बाई!"

ती हसली. "तरुणपणी प्रभूशी लय भांडले, भाऊ. मलाच का, तिथंच का? आता एवढंच विचारते, पेठची गाडी किती वाजता?"

देवाला विचारायचं तिचं संपलं होतं. उरलेलं ती मला विचारत होती. माझी छाती फुगली. त्या दिवसापासून तिला गाडीची वेळ मी खुर्चीतून उठूनच सांगितली.