हाखामची सात नावं

शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या यहुद्यांपैकी हे थळकर. थळचा समुद्र सोडून मुंबईला येऊन त्यांना दीडशे वर्षं झाली. घाणा गेला, बैल गेला, तेलाचा वासही गेला. राहिली ती सात नावं.

एलियाझर थळकरांना परळमध्ये सगळे एलीभाऊ म्हणतात. वय त्र्याहत्तर. रे रोडच्या वखारीत त्यांनी चाळीस वर्षं लाकूड मोजलं. ओंडक्यावर तळवा ठेवून आत पोकळ आहे की भरीव, ते सांगायचे, आणि सहसा चुकत नसत. वर्षातून एकदा, वडिलांच्या पुण्यतिथीला, ते घरी यहुदी प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवत, डोक्यावर टोपी घालून उभे राहत आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे सात नावं घेत. पहिलं वडिलांचं, शमशोन. दुसरं आजोबांचं, मोशे. तिसरं पणजोबांचं, इसाजी. तिथून वर चढत चढत सातवं नाव हाखाम येहुदाचं. हाखाम म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा पंडित. तो गलबतातून आला आणि विसरलेली प्रार्थना त्याने लोकांना पुन्हा शिकवली, असं थळकर सांगत. सातव्या नावाला एलीभाऊंची मान आपोआप ताठ व्हायची.

त्यांची मुलगी पेनिना कॅनडात असते. बाईला वंशावळीचा नाद. मागल्या हिवाळ्यात आली तेव्हा तिने बापाच्या गालात कापसाची काडी फिरवली.

"पप्पा, तोंड उघडा. हाखाम आत लपलाय."

"लपला नाही. बसलाय," एलीभाऊ म्हणाले.

बापाकडून मुलाकडे जाणारी एक खूण रक्तात असते, ती तपासायची होती. हसाजी म्हणजे इसाजीचा बाप. त्याच्या दुसऱ्या मुलाचा वंश इस्रायलात आहे. तिथला चुलतभाऊ नाथन याने आधीच तपासणी केली होती. दोघांची खूण जुळली की हसाजीपर्यंतचा रस्ता पक्का होणार होता.

जुळली नाही. जुळली ती लालबागच्या कोणा वैभव घाडीशी.

पेनिनाने फोनवर सांगितलं तेव्हा एलीभाऊ हसले. "मशीन बिघडलंय गो."

मशीन बिघडलेलं नव्हतं. पेनिनाने सुन्नतीच्या जुन्या वहीचे फोटो पुन्हा काढून पाहिले. यहुद्याच्या मुलाची सुन्नत आठव्या दिवशी होते. इसाजीच्या तीन मुलांची तशीच झालेली होती, आणि ती तिन्ही प्लेगात एका आठवड्यात गेली. चौथ्याची, मोशेची नोंद त्यानंतरची, आणि वयापुढे लिहिलेलं, चार वर्षं. ती ओळ घरात सगळ्यांनी वाचली होती. प्लेगामुळे उशीर झाला असेल, असं म्हणून सगळ्यांनी पान उलटलं होतं. पण मोशे प्लेगाच्या आधी जन्मलेला. आधीची चार वर्षं त्याला कोणी अडवलं होतं?

"पप्पा, आजी यहुदी, पणजी यहुदी. आपलं यहुदीपण आईकडून येतं, त्याला धक्का नाही," पेनिना म्हणाली. "आणि नावांचं कोणाला कळणारे?"

"मला."

त्या दिवसापासून त्यांना नावं घेता येईनात. आंघोळीच्या वेळी, जिन्यात, एकटेच पुटपुटून पाहत. शमशोन, मोशे, इथवर जीभ चाले. मोशे आणि इसाजी यांच्यामध्ये मात्र कोणीतरी उभं असे. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं उभं. बाजूला होत नसे. पुण्यतिथी महिन्यावर आली होती. दहा माणसांपुढे हाखामचा वंशज म्हणून उभं राहायचं की नाही, हे ठरवायचं होतं.

शेवटी ते लालबागला गेले. वैभव तिशीतला, बँकेत नोकरीला. तपासणी त्याने ऑफिसातल्या मित्रांबरोबर हौसेने केलेली. त्याची आजी गंगुबाई, वय अठ्ठ्याऐंशी, खाटेवर पाय सोडून बसली होती. एलीभाऊ आत आले तशी तिने मान वर केली आणि पुष्कळ वेळ खाली केलीच नाही.

"वैभव, ह्यांका बसाक दी."

एलीभाऊंनी आजी म्हणून हाक मारली, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "माझो सासरो धाकट्या भावाचा हात धरून बंदरावर उभो होतो. प्लेगाचा वरीस. बापूस राघो गलबतात जागा मिळवूक गर्दीत पुढे गेललो. ढकलाढकली झाली नि हात सुटलो. चार वर्साचा पोर, दौलत नाव. राघोन आठ दिवस बंदर सोडल्यान नाय. माझो सासरो मरेसर सांगायचो, मी सोडलंय, मी सोडलंय."

एलीभाऊ आपल्या मनगटाकडे पाहत राहिले. "आजोबा आम्हाला रस्ता ओलांडताना हाताला धरत नसत," ते सावकाश म्हणाले. "मनगट धरत. वळ उठायचे."

वैभवने पंखा वाढवला. उगाचच.

"पितृपक्षात आमी त्याचा पान मांडतो," म्हातारी म्हणाली. "दूधभात. इल्लोसोच, पोराएवढो. मी लगीन होऊन इलंय तेव्हापासून मीच वाढतंय."

धिप्पाड मोशे आजोबा, पांढऱ्या मिशांचे, परळच्या घरात मासळीवर ताव मारत होते, आणि मैलभरावर कोणी दरवर्षी त्यांना मेलेलं पोर समजून जेवू घालत होतं.

"आता मांडायचं की नको?" वैभवने विचारलं.

"मांडा. पण मोठं पान मांडा, आजी. ऐंशी वर्षांचे होऊन गेले ते."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. "आजी काय म्हणतंस? तुजो बापूस नि माझो घोव चुलत भाव. काकी म्हण, झिला."

पुण्यतिथीला दहाजण जमले. एलीभाऊ टोपी घालून उभे राहिले. पेनिना फोनच्या पडद्यावर होती, ओठ घट्ट मिटून.

"शमशोन, मोशेचा मुलगा," ते म्हणाले. "मोशे, इसाजीचा मुलगा."

थांबले. कोणीतरी खाकरलं. मधली जागा अजून अडलेली होती.

"आणि राघोचा."

"हा कोण रे नवीन?" बेनीमामांनी विचारलं. वय पंच्याऐंशी, घरात कोणालाही टोकायचा त्यांना हक्क.

"ज्याचं पोर हरवलं, तो."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. खाली रस्त्यावर कोणी मुलाला हाका मारत होतं. बेनीमामांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आणि पोर सापडलं कोणाला?"

"इसाजीला."

"मग पुढे घे. उभे आहोत आम्ही."

एलीभाऊंनी पुढची नावं घेतली. इसाजी, हसाजी, बनाजी, अब्राजी, येहुदा. नेहमीपेक्षा सावकाश, आणि प्रत्येक नावाआधी थोडं थांबून, परक्याच्या दारात उभं राहून आत येऊ का विचारावं तसं.