टिलबर्गला जपानी गाणी ऐकायला गेलो, ती निघाली अमेरिकेची

पंधरा वर्षांच्या पोरीला एकटीला आत सोडत नाहीत, सोबत मोठं माणूस लागतं, म्हणून मी गेले. हौस म्हणून नाही. आठवडाभर इथे हॉलंडात, रायस्वाइकमधल्या आयटीवाल्यांचे डबे करून रविवारी पाठ टेकावी म्हटलं, तर माझी सई दारात बूट घालून उभी.

जपानी बँड, चार पोरी. त्यांच्यापायी सई दोन वर्षं फोनवर जपानी शिकतेय. माझ्याशी मराठी बोलताना मात्र जीभ जड होते.

जाणार असाल तर ऐका. रविवारी रुळांची कामं असतात, आधी फोनवर गाडी बघा. आम्हाला डेल्फ्टपर्यंत बस, रॉटरडॅमला गाडी बदल, ब्रेडापर्यंत उभ्याने. हॉलमध्ये मोठी पिशवी नेऊ देत नाहीत, आम्ही थालीपिठं दारातच संपवली. आत खुर्च्या नाहीत. परत सांगते, खुर्च्या नाहीत.

जाताना गाडीत सईने समजावलं. एका गाण्यात मधेच वाजवणं थांबतं. एक पोरगी विचारते, "घरी येतेस ना?" आणि अख्खा हॉल जपानीत ओरडतो, "आलेच!" तिकडे जपानात हे सगळ्यांना पाठ असतं. सईने महिनाभर बाथरूममध्ये सराव केलेला.

"आय हॅव वेटेड टू इयर्स फॉर धिस, आई."

खेळ दुपारचा. पोरी आल्या, चमचम कपडे, आणि सगळं इंग्रजीत. शेजारी डेल्फ्टला शिकणारी नागपूरची मुलगी होती. म्हणाली, "काकू, यांची गाणी अमेरिकेत चालायला लागल्यापासून असंच. चाली त्याच, बोल इंग्रजी, ढोल डबल."

मग ते गाणं आलं. वाजवणं थांबलं, पण प्रश्न आलाच नाही. ती पोरगी नुसती हात वर करून फोनसाठी पोज देत उभी राहिली. सई मात्र ठरल्या जागी ओरडली. एकटी. पुढची दहा डोकी मागे वळली, एक जण हसला. मला जपानी कळत नाही, पोरीचं तोंड कळतं. ती खाली जमिनीवर बसली ती शेवटपर्यंत.

परतीच्या गाडीत धुसफुस सुरू. "दे चेंज्ड इट फॉर पीपल हू डोन्ट इव्हन नो!"

माझा गुडघा ठणकत होता. म्हटलं, "त्यांनाही पोट आहे. आणि तू तर बोलूच नकोस. दहा वर्षं तुझी आमटी वेगळ्या पातेल्यात करतेय. मिरची नको, गोडा मसाला नको, कढीपत्ता वेचून काढ. ती काय माझी आमटी आहे होय?"

रॉटरडॅमला उतरून गाडी बदलली. मग मराठीत, "तुझी कशी असते?"

"तिखट."

सोमवारी एकच पातेलं चढवलं. खरं सांगायचं तर दुसरं पातेलं घासायचा कंटाळा आला होता. जिन्याखालून ओरडले, "जेवायला येतेस ना?" वरून ती जपानीत ओरडली. तेच, टिलबर्गला ओरडली होती ते, आणि तेवढ्याच जोरात.

चार घास खाल्ले. नाक गळायला लागलं, दूध प्यायली. "टू मच."

"मग राहू दे."

"नको. उद्या परत दे."

तुम्ही जावं का? गुडघे धड असतील तर जा. सईचं छोटं पातेलं मी घासून ठेवलंय. माळ्यावर नाही टाकलं अजून. चार घासांनी काय होतंय.